पिंजऱ्यातल्या वाटीतलं पाणी

बजरीगरची जोडी घरात आली की राळं-बाजरीचा प्रश्न दुकानदारच सोडवून देतो. पाण्याचा प्रश्न मात्र घरातच पेटतो. (आपल्याकडे सर्रास ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, हे जाता जाता.) एक म्हणतो, नळाचं पाणी द्या, आपण तेच पितो. दुसरा म्हणतो, आपण साठ किलोचे, तो पस्तीस ग्रॅमचा, आणि पाण्यात क्लोरीन. मग कुणी पाणी उकळतं, कुणी पातेल्यात रात्रभर उघडं ठेवतं, कुणी आरओचं देतं, कुणी बाटलीबंद विकत आणतं. या सगळ्यामागे मुक्या जिवाबद्दलची माया आहे, म्हणूनच हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो नीट मांडता यावा म्हणून मुंबईतल्या एका घरातले दीर-भावजय मी कल्पून समोरासमोर बसवले आहेत. भाऊजींकडे पक्ष्यांच्या आधीपासून माशांची टाकी आहे आणि पाण्याबद्दलचा त्यांचा सगळा विचार त्या टाकीपाशी घडलेला आहे. वहिनींची नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली. माझं मत वहिनींच्या बाजूचं आहे. पण भाऊजींचे मुद्दे पोकळ नाहीत, आणि काही ठिकाणी तर वहिनींनाच दोन पावलं मागे यावं लागतं.

“वहिनी, माझं गणित सरळ आहे,” भाऊजी सुरुवात करतात. “टाकीत नळाचं पाणी तसंच ओतलं तर मासे वर येऊन तडफडायला लागतात. अँटिक्लोरीन टाकल्याशिवाय मी थेंबभर पाणी टाकीत सोडत नाही. जे पाणी माशाला मारतं ते पक्ष्याला कसं चालेल? आणि पक्षी काय कमी नाजूक असतो? कोळशाच्या खाणीत विषारी वायूची वर्दी मिळावी म्हणून कॅनरी नेत असत, ते उगाच?”

भाऊजींची दोन्ही उदाहरणं खरी आहेत. संवेदनशील माशांना लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमहूनही कमी क्लोरीन जिवावर बेततं. कॅनरीचा दाखलाही तितकाच खरा. कार्बन मोनॉक्साइडची चाहूल घ्यायला खाणीत छोटे पक्षी न्यावेत ही कल्पना जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने मांडली आणि ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा थेट 1986 पर्यंत चालली. पण वहिनी यातली मेख दाखवतात : “भाऊजी, तुमची दोन्ही उदाहरणं श्वासाची आहेत, पिण्याची नाहीत. मासा पाण्यातच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवरून पाणी क्षणोक्षणी वाहत असतं आणि तिथे पाणी नि रक्त यांच्यात एक पातळ पापुद्रा तेवढा असतो. क्लोरीन तो पापुद्राच जाळतं. कॅनरी लवकर पडायची ती तिच्या श्वसनामुळे. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवा त्यांच्यातून एकाच दिशेने खेळत राहते, त्यामुळे हवेतलं विष आपल्या आधी त्याच्या रक्तात उतरतं. आता पाणी प्यायल्यावर काय होतं ते बघा. ते चोचीतून गळ्याखालच्या पिशवीत जातं, तिथे भिजलेल्या दाण्यांचा लगदा असतो, लाळ असते, आणि पाण्यातलं जे काही इवलंसं क्लोरीन असेल ते त्या लगद्यातच खर्ची पडतं.” माणसांतला दाखला हवा असेल तर डायलिसिसचा घ्यावा. ज्या पाण्याचा पेला आपण निर्धास्त पितो तेच पाणी क्लोरीन आणि क्लोरॅमिन काढून टाकल्याशिवाय डायलिसिसच्या यंत्राला चालत नाही, कारण तिथे पातळ पडद्यापलीकडे थेट रक्त असतं. पाणी तेच; शरीरात शिरण्याची वाट बदलली की धोका बदलतो.

कॅनरीच्या दाखल्याचा खरा उपयोग भाऊजी वेगळ्याच ठिकाणी करू शकले असते. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि तो भाजून निघाला तर त्याच्या लेपातून सुटणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला बजरीगर काही मिनिटांत मरू शकतो. बाथरूममध्ये ब्लीचिंगचं पाणी ओतून दार उघडं ठेवलं आणि पिंजरा तिथेच समोर असला, तर ती वाफ त्याच्यासाठी वाटीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी घातक असते. घरात क्लोरीनची धास्ती बाळगायची असेल तर ती नाकाच्या वाटेची बाळगावी.

“ठीक आहे,” भाऊजी म्हणतात, “पण वजनाचं काय? तुमच्या-माझ्यासाठी ठरवलेलं प्रमाण त्या मूठभर जिवाला कसं लागू करता?” हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की पाण्यात उरलेलं मोकळं क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावं आणि फार तर 1 पर्यंत चालावं. आपण मधलं 0.5 धरू. पस्तीस ग्रॅमचा बजरीगर दिवसाला तीन मिलिलिटर पाणी पितो असं धरलं तर त्याच्या पोटात 1.5 मायक्रोग्रॅम क्लोरीन जाईल. किलोमागे हिशेब केला तर सुमारे 43 मायक्रोग्रॅम. साठ किलोचा माणूस दोन लिटर प्यायला तर किलोमागे सुमारे 17. म्हणजे भाऊजींचं म्हणणं खरं ठरतं, वजनाच्या मानाने पक्ष्याला आपल्यापेक्षा अडीचपट क्लोरीन मिळतं. पण आता तिसरा आकडा शेजारी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने रोज आयुष्यभर पोटात गेलं तरी चालेल असं धरलेलं प्रमाण किलोमागे 150 मायक्रोग्रॅम आहे, आणि तेही ज्या मात्रेने प्रयोगातल्या उंदरांना काहीच झालं नाही त्या मात्रेच्या शंभराव्या भागावर आणून ठेवलेलं. अडीचपट होऊनही आपला बजरीगर त्या मर्यादेच्या एक तृतीयांशापाशीसुद्धा पोहोचत नाही.

“उंदीर म्हणजे पक्षी नव्हे,” भाऊजी सोडत नाहीत. “आणि पोपटाच्या जातीवर असा अभ्यास कुणी केलाय?” इथे वहिनी कुक्कुटपालनाकडे वळतात, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. “भाऊजी, पोल्ट्रीवाला क्लोरीन चुकवत नाही, तो मुद्दाम घालतो. पाण्याच्या नळीच्या टोकाशी लिटरला साधारण 2 ते 5 मिलिग्रॅम क्लोरीन मिळावं असा सल्ला त्याला दिला जातो. आपल्या नळाच्या कितीतरी पट आहे हे. हजारो पक्षी एका शेडमध्ये एकाच नळीवर पाणी पितात, एकाला जुलाब लागले तर सगळ्यांना लागतात, आणि त्याचं पोट त्या पक्ष्यांच्या वजनावर अवलंबून असतं. क्लोरीनने पक्षी खंगत असते तर सगळ्यांत आधी त्यानेच ते बंद केलं असतं.” भाऊजींचा आक्षेप तयारच असतो : ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापला जातो, त्याला दूरगामी परिणाम दिसायला वेळच कुठे मिळतो? आक्षेप ब्रॉयलरपुरता बरोबर आहे. अंड्यावरची कोंबडी मात्र सव्वा-दीड वर्ष जगते आणि त्यातला बराचसा काळ जवळपास रोज एक अंडं देते. अंगात किंचित काही बिघडलं की पहिल्यांदा अंडी घटतात. इतका बोलका मापक कुठल्याही प्रयोगशाळेतल्या पोपटाकडे नसेल. तरीही कोंबडी म्हणजे बजरीगर नव्हे, हे वहिनींना मान्य आहे. हा पुरावा शेवटचा शब्द ठरत नाही. पण पारडं कुठल्या बाजूला झुकतं ते त्यातून स्पष्ट दिसतं.

पोल्ट्रीतूनच आणखी एक गोष्ट कळते, आणि संपूर्ण वादाची किल्ली तिच्यात आहे. राणीखेत रोगाची लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून देतात. ती जिवंत विषाणूची लस. क्लोरीनच्या पाण्यात घातली तर मरते आणि लसीकरण फुकट जातं. म्हणून पोल्ट्रीवाले लसीच्या आधी पाण्यात क्लोरीन घालणं थांबवतात आणि लसीच्या पाण्यात दुधाची भुकटी कालवतात. भुकटी कशाला? तर पाण्यात जे थोडंफार क्लोरीन शिल्लक असेल त्याला दुधातली प्रथिनं गाठतात आणि संपवून टाकतात. लस झाली की क्लोरीन पुन्हा सुरू. आता ही भुकटी बाजूला ठेवा आणि पिंजऱ्यातली वाटी हातात घ्या. सकाळी सातला भरलेल्या वाटीत दुपारी एकला काय दिसतं? वर तरंगणारी राळ्याची फोलपटं, कडेला चिकटलेली एक मऊ पिसाची लव, वरच्या दांडीवरून पडलेला विष्ठेचा हिरवट-पांढरा ठिपका, भिजून फुगलेले दोन-चार दाणे, आणि बोट आत फिरवलं तर वाटीच्या तळाला लागणारा बुळबुळीतपणा. दुधाची भुकटी जे काम करते तेच काम हा सगळा ऐवज करतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर क्लोरीन तपासायची जी ओटी चाचणी करतो, ती सकाळच्या ताज्या पाण्यावर केली तर पिवळा रंग दिसेल. दुपारच्या वाटीतल्या पाण्यावर केली तर तो फिका पडलेला असेल, बहुधा नसेलच. (चाचणी झालेलं पाणी फेकून द्यावं, त्यातलं रसायन पक्ष्याच्या पोटात जाता कामा नये.)

“म्हणजे तुम्ही ज्याला भिता ते दुपारपर्यंत वाटीत उरतच नाही,” वहिनी म्हणतात. “आणि ते संपलं की मग जंतूंना मोकळं रान मिळतं. पक्ष्यांचे डॉक्टर पाण्यावरून येणाऱ्या आजारांत स्यूडोमोनासचं नाव वारंवार घेतात. हा जंतू ओल्या बुळबुळीत पृष्ठभागावर थर करून राहतो, आंघोळ घालायच्या फवाऱ्याच्या बाटलीत राहतो, पिंजऱ्याला बाहेरून लावलेल्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी राहतो. त्याला अन्नही फारसं लागत नाही. तुम्ही वाटीत उकळलेलं पाणी घाला, आरओचं घाला, बाटलीतलं घाला, वाटी धुतली नसेल तर पाण्याची पहिली गाठ त्या थराशीच पडणार.”

भाऊजींचा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे : दोन्ही का करू नये? क्लोरीनही काढू आणि वाटीही धुऊ. पण क्लोरीन काढण्यात नुसता वेळ जात नाही, काहीतरी गमावलंही जातं. पातेल्यात रात्रभर उघडं ठेवलेल्या पाण्यात धूळ पडते, झुरळ पडतं, आणि सकाळी त्यात राखण करणारं काही नसतं. उकळलेलं पाणी उकळलं त्या क्षणी निर्जंतुक असतं. दिवसभर पुरवून पुरवून वापरलं, मधे कुणी पेला बुडवला, की ते साध्या पाण्यापेक्षा दुबळं होतं. आरओच्या यंत्रात तर सुरुवातीच्या टप्प्यांतच कोळशाची गाळणी क्लोरीन शोषून घेते, कारण पुढच्या पडद्याला ते सोसत नाही. त्यानंतरचं पाणी टाकीत साठतं ते निःशस्त्र, आणि गाळणी वेळेवर बदलली नाही तर तिच्यावरच जंतू वाढतात. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून ते पक्ष्याला वाईट, हा जो दुसरा प्रवाद आहे तोही मला पटत नाही. बजरीगर कॅल्शियम घेतो ते समुद्रफेसातून, पालेभाजीतून. तीन मिलिलिटर पाण्यातले क्षार त्याच्या पोषणात नगण्य असतात. उत्तम राखलेल्या यंत्रातलं ताजं आरओ पाणी खुशाल द्यावं. फक्त ते नळाच्या पाण्यापेक्षा पक्ष्याला अधिक सुरक्षित आहे असं समजून वाटी धुण्यात सवलत घेऊ नये. आणि हेही सांगायला हवं की 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन घाणेरडी वाटी शुद्ध करू शकत नाही. ते वाट अडवून थोडा वेळ मिळवून देतं, एवढंच.

एका ठिकाणी मात्र भाऊजींचं पातेलं कामाचं आहे. टाकी धुऊन निघाल्यावर, टँकरच्या पाण्यात सढळ हाताने टीसीएल पडल्यावर, किंवा पावसाळ्यात गढूळपणामुळे मात्रा वाढवल्यावर नळाच्या पाण्याला झणझणीत वास येतो. असं पाणी पक्षी नाकारतात, कमी पितात, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कमी पिणं हाच मोठा धोका असतो. तेव्हा रुंद तोंडाच्या भांड्यात काही तास पाणी ठेवावं, वर स्वच्छ पातळ फडकं बांधावं, किंवा चहा गार करतात तसं दोन भांड्यांत वरखाली करावं. क्लोरीन उडून जातं. काही शहरांत क्लोरीनऐवजी वापरतात त्या क्लोरॅमिनच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात 2004 पासून क्लोरॅमिन वापरतात, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांत आजीचा रात्रभर पाणी ठेवण्याचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी उपयोगाचा नाही. तिथे कोळशाची गाळणी लागेल. अर्थात तिथेही मुद्दा चवीचा आणि वासाचा. विहित मर्यादेतलं क्लोरॅमिन पिण्यातून पक्ष्याला बाधतं असं मानायला आधार नाही. माशांना मात्र ते क्लोरीनइतकंच बाधतं, आणि तिथे भाऊजींनी आपलं अँटिक्लोरीन सोडू नये.

आता भाऊजी आपलं खरं अस्त्र काढतात. “वहिनी, तुम्ही बोलताय ते शुद्धीकरण केंद्रातल्या पाण्याबद्दल. पाणी शुद्ध होतं भांडुपला. माझ्या वाटीत येईपर्यंत त्याचं काय होतं ते कोण सांगणार?” यावर वहिनी थोडा वेळ गप्प राहतात, आणि राहायलाच हवं. मुंबईचं पाणी तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी या सात तलावांतून येतं. भांडुपसारख्या केंद्रात गाळ बसवणं, वाळूतून गाळणं, क्लोरीन घालणं हे सगळं रीतसर होतं. पण आपल्या शहरांत पाणी चोवीस तास नसतं. पुरवठ्याची वेळ संपली की नळवाहिनी रिकामी होते, आतला दाब जातो, आणि जिथे सांधा गळतो तिथे बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ते पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येतं. त्यानंतर सोसायटीची तळटाकी, मग गच्चीवरची टाकी, जिचं झाकण अनेकदा तुटलेलं असतं आणि ज्यावर कबुतरं बसलेली असतात. त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू टाकीत उतरू शकतात. क्लोरीन सगळ्यांना मारतं असंही नाही. जिआर्डियाची कवचं जिवाणूंपेक्षा चिवट असतात आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही.

“म्हणून माझं विधान मी दुरुस्त करते,” वहिनी म्हणतात. “नळाचं पाणी पक्ष्याला सुरक्षित, पण ते आपल्याला सुरक्षित असेल तेव्हाच. पाणी गढूळ आलं, वास आला, रस्ता खणून वाहिनी जोडली, महापालिकेने उकळून प्या असं सांगितलं, की त्या दिवशी पक्ष्यालाही खळखळून उकळलेलं आणि पूर्ण निवलेलं पाणी. पाणी सुटल्यावर पहिला लोंढा वाटीत नको, बादलीत जाऊ दे. पण बघा भाऊजी, यातला एकही दोष क्लोरीनचा नाही. उलट ज्या पाण्यात बाहेरची घाण शिरते त्यातलं क्लोरीन आधी संपतं. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास असणं ही मला तरी दिलासा देणारी खूण वाटते. तुम्ही ज्याला विष समजता ते नसेल तेव्हा मी घाबरते.” इथे मला वहिनींच्या बोलण्याला एक जोड द्यावीशी वाटते. गच्चीवरच्या टाकीची धुलाई, तिचं झाकण आणि जाळी हा सोसायटीच्या बैठकीत मांडायचा विषय आहे, आणि पक्षी पाळणाऱ्याने तो आग्रहाने मांडावा. पिंजऱ्यापाशी दहा उपाय करण्यापेक्षा त्या एका झाकणाने अधिक साधतं, शिवाय इमारतीतल्या लहान मुलांचंही भलं होतं.

धातूंबद्दल भाऊजींची भीती अधिक साधार आहे. शिसं आणि जस्त यांची विषबाधा पोपटवर्गीय पक्ष्यांत नेहमी आढळते, आणि जुन्या इमारतींत जीआय पाइप अजून आहेत. पण इथेही हिशेब करून बघू. आपलं मानक पाण्यात लिटरला 5 मिलिग्रॅमपर्यंत जस्त स्वीकारार्ह मानतं. पाणी अगदी त्या कडेला असलं तरी तीन मिलिलिटरमधून 0.015 मिलिग्रॅम जातं. याउलट स्वस्त जस्ताळलेल्या जाळीच्या नव्या पिंजऱ्यावर पांढुरकी पूड आणि छोटे गोळे असतात. बजरीगर चोचीने चढतो, दिवसभर ती जाळी चावतो. त्यातलं जेमतेम एक मिलिग्रॅम जस्त पोटात गेलं तरी ते तशा पाण्यातून दोन महिन्यांत जाणाऱ्या जस्ताइतकं होतं. जस्तासाठी नळ तपासण्याआधी पिंजरा तपासावा. रात्रभर वाहिनीत तुंबून राहिलेलं सकाळचं पहिलं पाणी सोडून देणं मात्र केव्हाही चांगलं. वाटीचंही असंच आहे. मराठी घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी गुणकारी मानतात, त्यामुळे पक्ष्यालाही हौसेने तांब्याची वाटी मिळते. त्यातच कुणाच्या सांगण्यावरून ॲपल सायडर व्हिनेगरचे थेंब घातले की आंबटपणाने तांबं पाण्यात सुटायला लागतं. जस्ताळलेल्या वाटीतून जस्त सुटतं. स्टेनलेस स्टीलची किंवा चिनीमातीची वाटी घ्यावी आणि पाण्यात काहीही घालू नये. व्हिटॅमिनचे थेंब तर नकोतच. त्यातल्या साखरेवर जंतू पोसले जातात आणि औषध किती पोटात गेलं याचा हिशेब राहत नाही.

“आणि दीर्घायुषी पोपटांचं काय?” हा भाऊजींचा शेवटचा गंभीर आक्षेप. क्लोरीन आणि पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात आणि माणसांतल्या काही अभ्यासांत दशकानुदशकांच्या सेवनाचा कर्करोगाशी संबंध लावला गेला आहे. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव तीस-चाळीस वर्षं जगू शकतो, तेव्हा शंका रास्त आहे. वहिनींचं उत्तर प्रमाणाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी की या संयुगांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात कुचराई होता कामा नये, कारण जंतूंचा धोका आजचा आणि कितीतरी मोठा असतो. मला त्याला एवढंच जोडावंसं वाटतं की ज्याच्या पोपटाचं आयुष्य इतकं दीर्घ आहे त्याने चांगल्या कोळशाच्या गाळणीतलं ताजं पाणी द्यायला हरकत नाही, फक्त गाळणी तारखेवर बदलावी. ही खबरदारी आहे, गरज नव्हे.

रानातले पक्षी डबक्यातलं पितात, तेव्हा कुठलंही पाणी चालतं, असं म्हणणारेही भेटतात. रानातला पक्षी एका वाटीशी बांधलेला नसतो, आपल्याच विष्ठेचं पाणी त्याला प्यावं लागत नाही, आणि जे आजारी पडून मरतात ते आपल्या नजरेस पडत नाहीत. बोअरचं पाणी नैसर्गिक म्हणून देणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की चंद्रपूर-यवतमाळच्या कित्येक गावांत त्याच नैसर्गिक पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांचे दात आणि हाडं बिघडवली आहेत.

बोलणं संपत आलं तेव्हा भाऊजी एक व्यवहाराची गोष्ट विचारतात. “गणपतीला चार दिवस गावी जायचं आहे. पिंजऱ्याला दोन मोठ्या नळ्या लावून भरून ठेवतो. आरओचं पाणी भरू की नळाचं?”

“कुठलंही भरलंत तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ते सारखंच झालेलं असेल,” वहिनी म्हणतात. “शेजारच्या काकूंना किल्ली द्या. दोन वाट्या ठेवा. सकाळी एक लावायची, दुसरी साबणाने घासून, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात वाळवायची. संध्याकाळी अदलाबदल. वाटी दांडीच्या खाली नको, बाजूला लावा. आणि त्यांना सांगा, नळ अर्धा मिनिट सोडून मग भरा.”

“उकळायला सांगू?”

“पाणी गढूळ आलं तर सांगा.”